खोटी पट्टी, खरे माप

कोल्हापूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय काय उभे राहते! अंबाबाईचे देऊळ, रंकाळ्यावरची संध्याकाळ, तालमीतली तांबडी माती, कर्रकर्र वाजणारी चप्पल आणि वाटीत पडल्याबरोबर पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारा तांबडा रस्सा. प्रवासवर्णनकारांनी या पाच गोष्टींवर इतके लिहून ठेवले आहे की आता सहावी शोधल्याखेरीज कोल्हापूरवर लेखणी उचलण्याचा अधिकार कोणालाही नसावा. माझ्यापुरती एक सहावी गोष्ट पूर्वीच ठरलेली आहे, ती म्हणजे सासुरवाडी. परंतु तिच्याविषयी लिहिणे धोक्याचे असल्यामुळे मी सातवीकडे वळतो. ती आहे सुतारकाम, ओतकाम आणि घरी बनवलेल्या एका यंत्राची.

मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघावे. पहाटे डोळा उघडला, तर बाहेर उसाचे फड दिसू लागलेले असतात. मग किर्लोस्करवाडीचे स्टेशन येते. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या या माळावर कारखाना आणला आणि लोखंडी नांगराला शेतकऱ्याच्या दारी नेऊन उभे केले. पुढे मिरज, आणि मिरजेपासून १८९१ साली सुरू झालेला, कोल्हापूर संस्थानच्या काळातला लोहमार्ग. रुकडीजवळ गाडी पंचगंगेच्या पुलावर चढली की माझी पत्नी केस सारखे करते आणि मी जावयाचा चेहरा धारण करतो.

या खेपेला दिवाळीची सुटी लागल्याबरोबर आम्ही निघालो होतो. स्टेशनवर मेव्हणा आला होता. "दाजी, यंदा तुम्हाला एक मशीन दाखवायचंय," असे तो रिक्षात बसता बसताच म्हणाला. मराठीच्या प्राध्यापकाला मशीन दाखवणे म्हणजे बहिऱ्याला गाणे ऐकवण्यासारखे आहे, हे मी त्याला सौम्य शब्दांत सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मशीन बघू नका, तात्यांना बघा."

तात्यांना मी ओळखत होतो. शुक्रवार पेठेत सासऱ्यांच्या घराच्या मागल्या बाजूला त्यांचे घर आहे. तात्या पॅटर्न बनवतात. 'पॅटर्न' हा शब्द शहरातल्या वाचकांना साडीच्या नक्षीपुरताच ठाऊक असतो, म्हणून थोडा खुलासा करतो. लोखंडाची एखादी वस्तू ओतायची, तर आधी ती जशीच्या तशी लाकडात घडवावी लागते. हे लाकडी रूप म्हणजे पॅटर्न. ते वाळूत दाबून बसवायचे, अलगद उचलून घ्यायचे, आणि मागे जी पोकळी राहील तिच्यात तापलेला रस ओतायचा. रस थिजला की वाळू फोडून वस्तू बाहेर काढायची. म्हणजे पाण्याचा पंप असो, चरकाची चौकट असो की ऑइल इंजिनाचे चाक असो, प्रत्येक ओतीव लोखंडाचा पहिला जन्म लाकडात झालेला असतो. आम्ही वाङ्मयाचे लोक एखाद्या कथेला 'साचेबंद' म्हटले की तिची विल्हेवाट लावली असे समजतो. शिवाजी उद्यमनगरात हा शब्द शिवी म्हणून चालणार नाही. तिथे साचा बिघडला की घर बिघडते.

उद्यमनगर हे एकदा पाहण्यासारखे आहे. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना पत्र्याची छपरे, आत लेथचा एकसुरी आवाज, दारात काळ्या वाळूचे ढीग आणि हवेत तापल्या लोखंडाचा तो वास. आता मोठ्या फौंड्र्या शिरोलीला, गोकुळ शिरगावला आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत गेल्या आहेत. मोटारींचे आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग तिथून देशभर आणि देशाबाहेर जातात. पण उद्यमनगराच्या बोळांतून अजूनही असे कारागीर भेटतात, की ज्यांच्यापुढे कुठलेही मोडके यंत्र ठेवा, "उद्या या" एवढेच उत्तर मिळेल.

हा गुण या गावाच्या पाण्यातलाच असावा. खरी कॉर्नरला चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे एक स्मारक उभे आहे. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी चित्रपट काढायचे मनात घेतले, तेव्हा कॅमेरा विकत आणण्याऐवजी तो स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने ते काम पुरे केले आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. याच दामल्यांनी पुढे १९२९ मध्ये इतर चौघांबरोबर कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. घरी बनवलेल्या एका यंत्रातून किती मोठी गोष्ट उभी राहू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तेव्हा कोल्हापुरात कोणी घरच्या सोप्यात यंत्र जुळवत बसला आहे असे कानावर आले, तर हसू नये.

तात्यांच्या घरात यंत्र आले ते मात्र हौसेने नव्हे. ते आले पुराने.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाहीत. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. नदीकाठच्या शुक्रवार पेठेत ते घरांत शिरले. तात्यांच्या माळ्याखालच्या खोलीत चाळीस वर्षांचे पॅटर्न रचून ठेवलेले होते. कुणाच्या पंपाचे, कुणाच्या चरकाचे, कुणाच्या पिठाच्या गिरणीचे. ज्या कारखान्यांनी ते बनवून घेतले त्यांतले काही बंदही झालेले. पाणी ओसरल्यावर खोली उघडली, तेव्हा सागवान फुगून वाकले होते, सांधे उकलले होते, प्लायवुडचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. तात्या काही बोलले नाहीत, असे त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकींनी, मला सांगितले. त्यांनी फक्त एकेक तुकडा उचलून उन्हात मांडला आणि संध्याकाळी तो सगळा ढीग बंबाला दिला.

पण गिऱ्हाईक थांबत नाही. चरकाची चौकट तडकली की शेतकरी फौंड्रीत जातो, फौंड्रीवाला तात्यांकडे येतो, आणि तात्यांकडे तर आता राख. सगळे नव्याने घडवायचे म्हटले तर हाताने दहा वर्षांचे काम. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. दूरचे ठीक दिसते, पण पेन्सिलीची बारीक रेघ पूर्वीसारखी पकडता येत नाही. धाकटा मुलगा बंडा पदविका घेऊन चाकणला एका कारखान्यात कामाला लागला होता. तिथे तो संगणकाने चालणाऱ्या यंत्रापाशी उभा राही. २०२० साली टाळेबंदीत तो घरी आला, आणि राहिला.

अशा यंत्राला 'सीएनसी राउटर' म्हणतात. त्याचे तत्त्व आपल्यासारख्यांनाही समजण्याजोगे आहे. एका चौकटीवर फिरते पाते टांगलेले असते. ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांना सरकते. प्रत्येक दिशेला एकेक मोटर. ही मोटर आपल्या पंख्यासारखी भणभण फिरत नाही. ती पावले टाकते. एका फेऱ्यात नेमकी २०० पावले. संगणक तिला सांगतो, इतकी पावले चाल, थांब, इतकी मागे ये. रांगोळी काढणाऱ्या बाईचा हात जसा ठिपके मोजत फिरतो, तसे हे पाते लाकडावरून फिरते.

या विद्येचा उगम अमेरिकेतला. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती बनवीत. पात्याची वक्ररेषा हाताने नेमकी साधेना, म्हणून आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना त्यांना सुचली, आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेत तसे यंत्र चालवून दाखवण्यात आले. त्या यंत्राचा नियंत्रक कपाटाएवढा मोठा होता. आज तेच काम तळहातावर मावणारी एक पट्टी करते. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ मध्ये जन्मलेली 'आर्डुइनो' ती हीच. तिच्यात घालायचा 'जीआरबीएल' नावाचा प्रोग्राम २००९ मध्ये नॉर्वेतल्या एका माणसाने लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. तेव्हा शुक्रवार पेठेतल्या सोप्यात मिशिगन, इटली आणि नॉर्वे हे तिन्ही देशप्रदेश एका पाटावर बसलेले आहेत. ज्ञानेश्वरांनी विश्व आपले घर मानले ते उगीच नाही!

बंडाचे पहिले यंत्र दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे, म्हणजे एमडीएफचे होते. सरकण्यासाठी टेबलाच्या खणाला लावतात त्या पट्ट्या, आणि पुढे ढकलण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लांब आट्यांचा गज. खर्च बेताचा, आणि अक्कलही बेताचीच, असे बंडा स्वतःच म्हणतो. त्याने पहिले वर्तुळ कापले, ते अंडे निघाले.

"का सांगू दाजी?" बंडा म्हणाला. "गज आणि नट यांच्यात जराशी फट असती. मोटर उलटी फिरली की आधी ती फट भरती, मग पातं हलतं. तेवढ्यात चार पावलं वाया."

मला हे फार आवडले. आमच्याकडेही एखादा मनुष्य मत बदलतो, तेव्हा आधी काही काळ नुसती फट भरत असतो. हालचाल मागाहून दिसते.

बंडाने तरीही त्या यंत्राकडून एक काम करून घेतले, आणि ते काम ऐकण्यासारखे आहे. २०२१ च्या सुरुवातीला त्याने ठरवले, की दुसरे यंत्र लोखंडाचे करायचे. त्याच्या दोन बाजूंच्या उभ्या खांबांचे पॅटर्न त्याने त्या डळमळत्या एमडीएफच्या यंत्रावर कापले. जिथे कमीजास्त झाले तिथे तात्यांनी पटाशी आणि कानस घेऊन सरळ केले. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते खांब बिडाचे ओतून झाले. बीड मुद्दाम घेतले. ते थरथर पिऊन टाकते, म्हणून मोठ्या यंत्रांची अंगे पूर्वीपासून त्याचीच करतात. म्हणजे लाकडाच्या यंत्राने आपल्या वारसाचे हातपाय घडवले. आणि मग जुलैत पुन्हा पूर आला. एमडीएफ पाण्यात राहिले की काय होते, हे चहात बुडवलेल्या बिस्किटाकडे पाहून समजावे. पहिले यंत्र संपले. बिडाचे खांब तेवढे गंजलेल्या अंगाने कोपऱ्यात उभे होते.

हे दुसरे यंत्र मी पाहिले. खाली पोलादी चौकोनी नळ्यांचा भक्कम सांगाडा, वर ते दोन खांब, त्यांवरून आडवी तुळई. खणाच्या पट्ट्या जाऊन घासून चकचकीत केलेले रूळ आले आहेत. साध्या गजाच्या जागी बॉलस्क्रू आला आहे. त्याच्या नटात छर्रे फिरतात, म्हणून ती फट जवळजवळ नाहीशी झाली आहे. एका फेऱ्याला तो ५ मिलिमीटर सरकवतो. मोटरच्या प्रत्येक पावलाचे आणखी आठ तुकडे केले, की एका मिलिमीटरला ३२० पावले पडतात. लाकडाला याहून अधिक सूक्ष्म बोलणे कळत नाही. पाते फिरवायला मिनिटाला २४ हजार फेरे घेणारी, पाण्याने थंड राहणारी मोटर आहे, आणि तिचे पाणी बादलीतून फिरते. बादलीवर काकींनी झाकण ठेवले आहे, कारण मांजर त्यात तोंड घालते. विजेचे सारे सामान मात्र माणसाच्या डोक्याहून उंच फळीवर चढवले आहे. "का?" असे मी विचारले नाही. भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ अजून दिसते, आणि फळी तिच्या वर आहे.

या यंत्राने सुरुवातीला एक खोडी काढली. ते काम करता करता मधेच थबके, जणू कोणी हाक मारली. तीन आठवडे कारण सापडेना. शेवटी कळले, की पात्याच्या मोटरकडे जाणाऱ्या तारेतला गोंगाट शेजारच्या बारीक तारांत शिरतो, आणि संगणकाला वाटते की यंत्र कडेला जाऊन आदळले. बंडाने जाळीचे आवरण असलेल्या तारा घातल्या, दोन्ही प्रकारच्या तारांचे मार्ग वेगळे केले, आणि खोडी थांबली. शेजाऱ्याचा गोंगाट आपल्या कामात शिरू नये म्हणून काय करावे, हे चाळीत राहणाऱ्यांनी बंडाला जरूर विचारावे.

आणि तात्या? तात्या स्टुलावर बसून ऐकत असतात. पात्याचा आवाज किंचित बदलला की म्हणतात, "बंडा, जळतंय बघ." यंत्र हळू चालवले म्हणजे काम चांगले होते, अशी आपली समजूत. लाकडाच्या बाबतीत ते उलटे आहे. पाते भरभर फिरते आणि पुढे मात्र रेंगाळते, तर ते लाकूड कापत नाही, घासते. कपच्यांऐवजी पीठ पडते आणि कड काळी होते. बंडा पडद्यावरचे आकडे पाहून हे ओळखतो. तात्या डोळे मिटून ओळखतात.

आम्ही पोचलो त्या दिवशी घरात जरा ताण होता. उसाचा हंगाम तोंडावर आलेला. गुऱ्हाळे पेटायची वेळ. पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळाच्या जुन्या चरकाचा एक बिडाचा भाग तडकला होता. इंग्रजी यू या अक्षरासारखा, दोन पायांचा. त्या पायांच्या मधल्या जागेत चरकाच्या लाटेचे बेअरिंग बसते. असा भाग आता बाजारात मिळत नाही. त्याचा पॅटर्न २०१९ च्या ढिगात बंबात गेलेला. फौंड्रीतले कामगार दोन दिवसांनी दिवाळीला गावी जाणार. त्याआधी ओतले गेले नाही, तर गुऱ्हाळ पंधरा दिवस बंद आणि ऊस शेतात उभा. शेतकरी तो तडकलेला तुकडा पोत्यात घालून घेऊन आला होता, आणि जाताना काकींच्या हातात गुळाची ढेप ठेवून गेला होता. ढेप तशीच कोपऱ्यात होती. काम झाल्याशिवाय ती फोडायची नाही, असे काकींनी ठरवले होते.

बंडाने तुकडा मोजून संगणकावर चित्र काढले होते. त्यात आकसणीही धरली होती. आकसणी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. रस थंड होताना लोखंड आकसते. बीड शंभरात सुमारे एक भाग. म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करायचा. या कामासाठी तात्यांपाशी एक जुनी पितळी पट्टी आहे. दिसायला आपल्या पट्टीसारखीच, इंचांच्या खुणा असलेली. पण ती खोटी आहे! तिचा प्रत्येक इंच इंचापेक्षा किंचित लांब. तिच्यावरचा एक फूट म्हणजे खरा एक फूट आणि वर इंचाचा आठवा हिस्सा. बिडासाठी ही, पितळेसाठी दुसरी, तिच्यात फुटाला इंचाचे तीन सोळांश वाढवलेले, पोलादासाठी तिसरी, पाव इंचाची. जगात पट्टी खोटी असूनही तिला मान मिळतो अशी ही एकच जागा असावी. आज ती खोटी बोलते म्हणून उद्या लोखंड खरे उतरते.

संगणकाला पट्टी लागत नाही. सगळे चित्र १.०१ ने गुणले, की झाले. बंडाने ते केले होते आणि सागवानाची फळी यंत्रावर आवळली होती. इतक्यात तात्या स्टुलावरून उठले. त्यांनी तो तडकलेला तुकडा हातात घेतला, मग पडद्यावरच्या चित्राकडे जवळ जाऊन पाहिले.

"पाय सरळ काढलेस?"

"सरळच हाईत की तात्या. तुकड्यात बघा."

"तुकड्यात सरळ हाईत म्हणून तर लाकडात सरळ नगंत."

बंडा वळला. "शंभरात एक धरलंय. मशीन दहावा हिस्सा मिलिमीटरसुद्धा चुकत न्हाई."

"चुकत न्हाई, मान्य," तात्या म्हणाले. "म्हणूनच नेमकं चुकंल."

मग त्यांनी आपल्या दोन बोटांचा यू करून आम्हाला समजावले. खालचा भाग एकसंध. दोन पायांच्या मधे घट्ट चेपलेली वाळू. लोखंड आकसू लागले की खालचा भाग आखडतो, पण मधली वाळू पायांना जवळ येऊ देत नाही. मग पाय वरच्या टोकाला फाकतात. म्हणून लाकडात पाय वरच्या टोकाशी मुद्दाम थोडे आत झुकवायचे. ओतल्यावर ते फाकून सरळ होतात. किती झुकवायचे, ते पायाच्या उंचीवर, जाडीवर आणि फौंड्रीतली वाळू किती कडक चेपतात त्यावर.

"किती?" बंडाने विचारले.

तात्यांनी तुकडा फिरवून पाहिला. "एकेक पाय दीड मिलिमीटर. त्या फौंड्रीत वाळू घट्ट मारतात."

बंडा थोडा वेळ गप्प राहिला. पदविकेच्या पुस्तकात त्याने हे वाचले नव्हते असे नाही. पण पुस्तकात त्या फौंड्रीतला वाळू चेपणारा माणूस नव्हता. दीड मिलिमीटर चुकीचा निघाला तर पुन्हा ओतायला वेळ नव्हता. वडिलांचे ऐकावे तर गुऱ्हाळ त्यांच्या अंदाजावर टांगलेले, न ऐकावे तर आपल्या गणितावर. मेव्हणा आणि मी श्वास धरून उभे होतो. काकी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या.

बंडाने चित्र पुन्हा उघडले. पाय आत झुकवले. दीड आणि दीड. मग त्याने बटण दाबले.

तीन तास लागले. पाते थर उतरवत होते. कपच्या पाचोळ्यासारख्या उडत होत्या. सागाचा तो गोडसर तेलकट वास सोप्यात भरून राहिला. बाहेर मुले किल्ल्याला माती थापत होती. पॅटर्न उतरला, तेव्हा आतल्या कोपऱ्यांना तात्यांनी बोटाने लांबी भरून गोलाई दिली, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात लोखंड तडकते. बाजूंना दीड-दोन अंशांचा उतार आहे ना, म्हणजे वाळूतून उचलताना साचा ढासळणार नाही ना, हे त्यांनी अंगठा फिरवून पाहिले. मग रंग. रात्री अकराला तो पॅटर्न मेव्हण्याच्या मोटरसायकलवरून उद्यमनगरात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस ओतला, तो पाहायला मी गेलो. सुमारे १३५० अंशांना तापलेला रस पळीतून साचात उतरताना त्याचा रंग पाहावा! दिवाळीच्या पणत्यांचा सगळा उजेड कोणी एका भांड्यात गोळा करावा तसा तो दिसतो. वाळूच्या छिद्रांतून निळ्या ज्योती उठल्या आणि विझल्या. मग वाट पाहणे आले. या धंद्यात घाई करून वाळू लवकर फोडता येत नाही; लोखंडाला आपल्या गतीने थंड होऊ द्यावे लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाळू फोडली. तात्या आले होते. त्यांच्या खिशात आज ती खोटी पट्टी नव्हती. एक साधी काठी होती, पायांच्या मधल्या अंतराएवढी तासलेली. त्यांनी ती खाली, पायांच्या बुडाशी धरली, बसली. मग सावकाश वर सरकवत नेली. टोकापर्यंत ती तशीच, ना सैल ना घट्ट, सरकत गेली. तात्यांनी काठी बंडाच्या हातात दिली आणि म्हणाले, "बसलं."

एवढेच. कोल्हापूरकर कौतुकाच्या बाबतीत काटकसरी असतात. बंडानेही काठी पुन्हा दोनदा फिरवून पाहिली आणि खिशात घातली. शेतकऱ्याचा टेम्पो दारात उभा होता. तुकडा गरम असतानाच पोत्यात गेला. घरी आल्यावर काकींनी गुळाची ढेप फोडली.

संध्याकाळी बंडा दोनशे पानी वही घेऊन माझ्याकडे आला. "दाजी, तुम्ही मराठीचे. तात्या सांगतील ते लिहून घ्याल? मी विचारलं की ते 'हात सांगतो' म्हणतात. तुम्ही विचारलं तर बोलतील." मग भाऊबीजेपर्यंत रोज दोन तास मी तात्यांचा लेखनिक झालो. कोणत्या फौंड्रीत वाळू घट्ट, कोणत्या फौंड्रीत सैल. पंख्याच्या पात्यांना किती सोडायचे. मोठे चाक ओतताना आऱ्या सरळ का नसाव्यात. कुठल्या गावच्या चरकाला काय लागते. तात्या सांगत आणि मधेच थांबून विचारत, "लिहिलं का?" एका पुरात चाळीस वर्षांचे लाकूड वाहून गेले होते, पण त्या लाकडामागे जे होते, ते या माणसाच्या बोटांत शिल्लक होते, आणि बोटे काही फळीवर उंच चढवून ठेवता येत नाहीत. एकशे बारा पाने भरली. बंडा आता रोज रात्री त्यांतले एकेक पान संगणकात उतरवतो. पण मूळ वही काकींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवघराच्या वरच्या कोनाड्यात ठेवली आहे. पाण्याच्या रेघेपासून तो कोनाडा चांगला तीन फूट उंच आहे.

तेव्हा मंडळी, कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचे दर्शन घ्या, रंकाळ्यावर भेळ खा, चप्पल घ्या आणि रस्साही चाखा. मग अर्धा दिवस उरला, तर उद्यमनगराच्या एखाद्या बोळात शिरा. कोणी हटकणार नाही. "या की पावणं" म्हणून स्टूल पुढे करतील. आणि गुळाच्या हंगामात गेला असाल, तर पन्हाळ्याच्या वाटेवर एखाद्या गुऱ्हाळापाशी गाडी थांबवा. काहिलीतला पाक उकळत असेल, चरक कुरकुरत फिरत असेल. त्या चरकाचे पाय सरळ दिसले, तर समजा, की ते कुठेतरी लाकडात वाकडे होते.